अंदमानात स्कूबा: नवऱ्याचा जुना दमा, नऊ वर्षांचा मुलगा, सोबत सासूबाई (मदत हवी आहे)

टिळकवाडीकरीण

मंडळी, मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये अंदमानला निघायचं ठरलंय. आधी दसऱ्याच्या सुट्टीचा विचार होता, खरं ऑक्टोबरात तिकडे पावसाचा भरवसा नसतो म्हणून तो बारगळला. दिवाळीला आमच्या इकडच्या शाळा हात आखडूनच सुट्टी देतात. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू, तिथून विमान, असं बसवलंय.

आम्ही पाच जण. मी, नवरा (४४), मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, आणि सासूबाई, वय ६८, रोज बीपीची गोळी. अंदमान म्हटल्यावर सासूबाईंना सेल्युलर जेल, नवऱ्याला आणि पोरांना स्कूबा. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी काठावर पिशव्या सांभाळणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

बुकिंग करून देणाऱ्या माणसाने तब्येतीचा फॉर्म पाठवला. त्यात दम्याबद्दल सरळ प्रश्न आहे. नवऱ्याला लहानपणी चांगलाच दमा होता. आता रोज पंप लागत नाही, खरं थंडीत किंवा घरात रंगकाम निघालं की छातीत घरघर सुरू होते आणि कपाटातला पंप बाहेर येतो. मी त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळीकडे नो लिहा. येस लिहिलं की पाण्यात उतरवत नाहीत." मुलाचं वय विचारलं तर, "दहा सांगा की, कोण बघतंय?"

नवऱ्याला हे पटलंय. खानापूरकडचा माणूस, विहिरीत उड्या मारून मोठा झालेला, एका दमात तळाची माती काढून आणायचा असं आजही सांगतो. "दहा-बारा मीटर तर जायचं, सोबत इन्स्ट्रक्टर असतोय, आणि तिथं हवेची टाकी पाठीवर, विहिरीत तर तीपण नव्हती." यावर मला उत्तर देता येईना, म्हणून इथे आले.

शिवाय कार्यक्रम असा दिलाय: हॅवलॉक बेटावरच्या शेवटच्या सकाळी स्कूबा, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. हे चालतं का? आणि आम्ही पाण्यात असताना सासूबाईंनी काय करायचं?

"जाऊ नका" सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

अनगोळकर

वैनी, एवढं काय घाबरायचं? आमी मालवणात फॉर्मबिर्म न भरताच उतरलोय की. बोटीवर पाच मिनिटं शिकवलं, नाकाला चष्मा लावला, गेलो खाली. मासे बघितले, व्हिडिओ काढला, वर येऊन सोलकढी प्यालो. साहेबांना जाऊ द्या.

स्टेथोवाली

अनगोळकर, तुमची छाती धडधाकट आहे म्हणून सोलकढीपर्यंत पोचलात.

ताई, मी निपाणीत प्रॅक्टिस करते. डायव्हिंगची तज्ज्ञ नाही, पण दम्याचे रुग्ण रोज बघते. तुमच्या मिस्टरांचा विहिरीचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते. विहिरीत बुडी मारणारा माणूस काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली पाण्याच्या दाबाने ती हवा आकसते, वर आला की पुन्हा मूळच्या इतकी होते, त्याहून जास्त कधीच नाही. टाकीवाला माणूस हवा घेतो तीच मुळी खाली असताना. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येईतो दुप्पट जागा मागते. म्हणजे टाकी पाठीवर असणं हीच इथली जास्तीची जोखीम आहे.

म्हणून स्कूबात पहिला नियम शिकवतात तो श्वास कधीही न रोखण्याचा. श्वास चालू असला की जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. दम्यात नेमकं हेच बिघडतं. बारीक श्वासनळ्या आवळल्या, मध्ये कफ अडकला, की हवा आत शिरते पण तिला परतीची वाट मिळत नाही. वर येताना फुप्फुसाचा तेवढाच भाग फुगतो, फाटूही शकतो. हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूकडे गेला तर प्रकरण जिवावर बेततं. यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. हवेच्या आकारमानात सगळ्यात झपाट्याने फरक पडतो तो वरच्या काही मीटरमध्येच. त्यात टाकीतली हवा कोरडी आणि गार, खाऱ्या पाण्याचे तुषार घशात, पहिल्यांदा उतरल्याची धाकधूक. दमा उठायला एवढं पुरे.

पण दमा होता म्हणजे कायमचा नकार, असंही आता मानत नाहीत. काही जणांना तपासणीनंतर परवानगी मिळते. मिस्टरांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची तपासणी, करतील, गरज वाटली तर व्यायामानंतर पुन्हा फुंकायला लावतील. फॉर्म सोबत न्या, त्यात डॉक्टरांच्या सहीची जागा असते. अजून घरघर होते हे मात्र स्वतः सांगा, कारण बऱ्या दिवशी केलेल्या चाचणीत ते दिसेलच असं नाही. मला विचाराल तर पंप अजून कपाटातून बाहेर येतो हे वाचून माझं मत नकाराकडे झुकतंय. ठरवतील ते डॉक्टर.

फॉर्मवर "नो" लिहिल्याने इन्स्ट्रक्टरची फक्त जबाबदारी कमी होते. फुप्फुस फॉर्म वाचत नाही.

सासूबाईंना पाण्यात उतरवायचा कुणाचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

टिळकवाडीकरीण

डॉक्टर, विहिरीचा परिच्छेद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. मोबाइल मागून घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचला, एवढं सांगते.

सासूबाई पाण्यात नाही उतरणार. त्या म्हणतात, समुद्रात पाय बुडवून नमस्कार केला की माझं झालं.

नेत्राणीचा_नाद

डॉक्टरांनी दम्याचं सांगितलंय, मी बाकीचं सांगतो. मी मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जातो, अंदमानातही उतरलोय.

मुलगा: डायव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नियमाप्रमाणे समुद्रातल्या "डिस्कव्हर स्कूबा"ला (पहिल्यांदा उतरणाऱ्यांचा ट्राय डाइव्ह) किमान वय १० पूर्ण लागतं, आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. आठ वर्षांपासून "बबलमेकर" म्हणून प्रकार असतो, त्यात फक्त २ मीटर. खोटं वय सांगून नेलंत तर इन्स्ट्रक्टर त्याला दहाचा समजून नेणार. कान दुखला की थांबायचं, खूण करायची, घाबरून वर पळायचं नाही, हे त्या वयाच्या पोराकडून होईल का, असा तो प्रश्न आहे. डायव्ह सेंटरला थेट विचारा, बबलमेकर आहे का. नसेल तर स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरच्यावर पोहणं. एलिफंट बीचला उथळ पाण्यातसुद्धा भरपूर मासे दिसतात, पोरगं खूश होतंय. आत्तापासून तलावावर मास्क आणि नळी लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. लहान मुलांना अडचण येते ती तिथंच.

मुलगी: तेरा वर्षांची, तिला काही अडचण नाही. सर्दी असेल तर मात्र नाही. कानातला दाब सारखा करायला नाक चिमटीत धरून हलकं फुंकतात, नाक चोंदलं असलं की ते होत नाही. दर मीटरभर फुंकत राहायचं, दुखायची वाट बघायची नाही. हातखुणा घरीच शिकवा. अंगठा वर केला म्हणजे "मस्त" नव्हे, "मला वर न्या". फोटोसाठी पोरं अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर बिचारा त्यांना घेऊन वर येतो. "ठीक आहे" म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल.

आता तुम्ही. पोहता येत नाही म्हणून पिशव्या सांभाळणार? ट्राय डाइव्हला पोहता यावंच लागतं असं नाही. पोहण्याची परीक्षा असते ती ओपन वॉटर या प्रमाणपत्राच्या कोर्सला. इथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच नेतो, आधी कमरेइतक्या पाण्यात सराव करून घेतो. हॅवलॉकला पहिल्यांदा उतरणाऱ्यांना बहुतेक नेमो रीफला नेतात, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. तब्येतीचा फॉर्म तुमचा स्वच्छ असेल तर मुलीसोबत तुम्हीच जा की.

कार्यक्रम बदला. एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा रोज डाइव्ह असतील तर किमान १८ तास, असा सर्वसाधारण सल्ला आहे, आणि बरीच सेंटर सरळ २४ धरतात. तुमचं गणित बसेल, खरं काठोकाठ. त्याहून महत्त्वाचं, स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवला आणि त्या दिवशी समुद्र खवळलेला असला, किंवा मुलीला सर्दी झाली, तर संपलं. हॅवलॉकचा पहिला अख्खा दिवस स्कूबाला द्या, म्हणजे मागे एक दिवस हाताशी राहतो. सकाळी लवकरची वेळ मागा. तिकडे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य फार लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा (आता कागदोपत्री श्री विजयपुरम, तिकिटावर दोन्ही नावं दिसतील). हवा बिघडली की बोटी रद्द होतात.

साहेबांना मिशी आहे का?

टिळकवाडीकरीण

आहे. चांगली झुबकेदार आहे. का?

नेत्राणीचा_नाद

मास्कची कड मिशीवर नीट चिकटत नाही, पाणी आत येतं. स्नॉर्केलिंगलासुद्धा. नाकाखालची बोटभर पट्टी भादरली तर बरं पडतं.

मालवणचा_जावई

आधी मालवण किंवा तारकर्लीला एक दिवस करून बघा. आंबोली घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ, मालवण, सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. मार्चपर्यंत पाणी बरं असतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. बाकी किनाऱ्यावर काही जण बोटीवरच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात देतात आणि त्यालाच स्कूबा म्हणतात. अनगोळकर, तुमच्या पाठीवर टाकी होती की तोंडात नळी?

अनगोळकर

नळी व्हती.

संकेश्वरी_मिरची

लक्षद्वीपचा विचार केला नाही का? पाणी तिकडचं जास्त निवळ म्हणतात.

मालवणचा_जावई

लक्षद्वीपला भारतीयांनाही आधी परवाना काढावा लागतो. अंदमानातल्या नेहमीच्या बेटांना आपल्याला लागत नाही. पाच जणांत एक आजी असताना मी तरी अंदमानच म्हणेन.

संकेश्वरी_मिरची

बरं. मग आजींसाठी: हॅवलॉकला राधानगर बीच. मऊ वाळू, झाडांची सावली, निवांत बसता येतं. पोहायचं ते जीवरक्षक सांगतील तेवढ्याच पट्ट्यात, तिकडे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, पाट्या लावलेल्या असतात. पोर्ट ब्लेअरहून नॉर्थ बेला काचेच्या तळाच्या बोटी मिळतात, आजींना साडी न भिजवता प्रवाळ बघता येतील. आपल्या जुन्या लालसर वीसच्या नोटेच्या मागचं चित्र तिथलंच, नातवाला दाखवायला एक नोट जवळ ठेवा. सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम संध्याकाळी असतो, जेल मात्र दिवसा सावकाश बघा, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात.

प्रवाळांबद्दल फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. २०१० साली समुद्र तापून अंदमानातले उथळ पाण्यातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. मासे भरपूर, रंग मात्र कॅलेंडरसारखे नाहीत, लाल रंग तर काही मीटर खाली गेलं की दिसेनासाच होतो. आणि मुलांना बजावून ठेवा, किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळसुद्धा पिशवीत टाकायचा नाही. वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

टिळकवाडीकरीण

सगळ्यांचे आभार. जेलची माहिती सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, जिने चढीन. १९५० साली सावरकरांना आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं होतं, ते त्या वडिलांकडून ऐकत आल्यात, आता तिकडची कोठडी बघितल्याशिवाय परतणार नाहीत.

छातीच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळालीय, नवरा स्वतः फोन करून घेऊन आला. डॉक्टर नाही म्हणाले तर तो मुलाला घेऊन एलिफंट बीचला, पंप बोटीवरच्या पिशवीत. स्टेथोवाली, वरच्यावर पोहायला हरकत नाही ना?

फॉर्म आता थेट डायव्ह सेंटरला पाठवणार, मधल्या माणसाला फक्त खोल्या आणि बोटीची तिकिटं. मुलाचं खरं वय कळवलं तर सेंटरवाल्या बाईंनी बबलमेकरसाठी नाव लिहून घेतलं, एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. आणि मुलीच्या जोडीला माझं नाव दिलंय. घरात अजून कुणाचा विश्वास बसायला तयार नाही.

स्टेथोवाली

वरच्यावर, श्वास रोखून बुड्या न मारता, पंप हाताशी ठेवून, त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर हरकत नाही. शुक्रवारी हाही प्रश्न विचारा. आणि तुमचा स्वतःचा फॉर्म नीट वाचून भरा, आता उतरणार तुम्ही आहात.

टिळकवाडीकरीण

भरते. मिशीचं तेवढं त्यांना कोण सांगणार ते बघावं लागेल.