झिंबाब्वेतल्या कोरडवाहू वस्त्या पाण्याचं कसं भागवतात?

मातीवेडा:
दक्षिण झिंबाब्वेत झ्विशावानेच्या आसपासच्या छोट्या शेतवस्त्यांचे फोटो बघतोय. दोन-चार गोल झोपड्या, गुरांचा वाडा, मक्याचं शेत, मागे उघडा ग्रॅनाइटचा डोंगर आणि माती सगळी वाळूसारखी. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, पुढे सगळं कोरडंच. कॅनॉल नाही काही नाही, मग ही लोकं टिकतात कशी? आणि एवढ्या हलक्या जमिनीवर वस्ती केलीच का?

रानपाखरू:
केली नाही हो, करायला लावली. 1930 च्या लँड अपोर्शनमेंट अ‍ॅक्टने चांगल्या जमिनी गोऱ्यांकडे गेल्या आणि काळ्या शेतकऱ्यांना राखीव पट्ट्यांत कोंबलं, आजच्या कम्युनल लँड (गावाच्या रूढीप्रमाणे कसायला मिळणाऱ्या सामाईक जमिनी) म्हणजे बहुतेक तेच पट्टे. आणि एकूण पाऊस कमी हे तर आहेच पण खरा घात होतो जानेवारीत, ऐन मका तुऱ्यावर आला की पाऊस ओढ देतो. बाजरी-ज्वारी तग धरते पण रोजच्या साड्झाला, म्हणजे पीठ घट्ट शिजवून करतात त्या जेवणाला, मक्याचंच पीठ लागतं, त्यामुळे मका सुटत नाही.

ओढाकाठ:
झेफानिया फिरी मासेको हे नाव शोधा, झ्विशावानेचेच. राजकारणापायी रेल्वेची नोकरी गेली आणि 1960 च्या दशकात हा माणूस तीनेक हेक्टरवर घरच्यांना घेऊन राबायला लागला. डोंगरावरून सुसाट येणारं पाणी आधी दगडी बांध घालून हळू केलं, मग जिरवलं, असं माथ्यापासून पायथ्यापर्यंत. मला सगळ्यात भारी वाटतं ते बांधांचं काम. गोऱ्या सरकारने धूप थांबवायला जे बांध सक्तीने घालायला लावले त्यांना उतार होता, म्हणजे पाणी शेताबाहेर निघून जायचं! मासेकोंनी त्याच बांधांलगतच्या चरांत खोल खड्डे खणले, एक भरला की पाणी पुढच्यात, आणि तिथंच मुरतं. खाली तळी झाली, केळी आली. 2006 मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा बफेट पुरस्कार मिळाला त्यांना, 2015 मध्ये गेले.

मातीवेडा:
जबरदस्त माणूस!! पण प्रत्येकाच्या शेतामागे असा डोंगर थोडाच असणार?

ओढाकाठ:
नसू दे, चरातले खड्डे डोंगराशिवायही चालतात, शेतावर पडलेलं पाणी तरी अडतं.

रानपाखरू:
2020 पासून सरकारची फुम्वुद्झा योजना पण आहे, 16 बाय 39 मीटरच्या तुकड्यात नांगर न घालता 1,456 खड्डे, त्यात खत, बी आणि वरून वाळल्या काडीकचऱ्याचं आच्छादन. ओल टिकते, पण खड्डे खणायचे ते पावसाआधी कडक जमिनीत कुदळीने, आणि ते बऱ्याच घरी बायकांवरच पडतं. योजना आखणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा होता.