मदत हवी आहे: संकलन घ्यावं की ध्वनी?

नमस्कार मंडळी. मी विद्यापीठात चित्रपट आणि टेलिव्हिजनचा पदवी अभ्यासक्रम करते आहे. पटकथा, कॅमेरा, प्रकाशयोजना, इतिहास, सगळ्याची तोंडओळख झाली. आता विशेष विषय निवडायचाय आणि संकलन की ध्वनी, हेच ठरत नाहीये.

संकलनाची ओढ रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हच्या प्रयोगामुळे लागली. नटाचा एकच निर्विकार चेहरा; शेजारी सूपची वाटी जोडली की तो भुकेला वाटतो, शवपेटी जोडली की दुःखी. अर्थ दोन शॉट्सच्या मधल्या सांध्यात तयार होतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

पण परवा सरावाला दोघांच्या संभाषणाचा प्रसंग जोडत होते. कट जागच्या जागी होते, तरी काहीतरी खटकत होतं. मग रिकाम्या खोलीचा रेकॉर्ड केलेला आवाज सगळ्या प्रसंगाखाली पसरला आणि दुसऱ्याचं वाक्य त्याचा चेहरा दिसण्याच्या १२ फ्रेम्स (साधारण अर्धा सेकंद) आधी सुरू केलं. प्रसंग एकदम जिवंत झाला, चित्राला हातही न लावता! तेव्हापासून ध्वनी डोक्यातून जात नाही.

ज्यांनी यातलं काही शिकलंय किंवा हे काम करताय, त्यांनी कृपया सांगा: ध्वनी घेतला तर पुढे संकलनाची कामं मिळतात का? मालिकांच्या घाईत ध्वनीला खरंच वेळ देता येतो का? निवडीसाठी पूर्ण लघुपट दाखवावा, की एकच प्रसंग, काम करण्याआधीचा आणि नंतरचा?

‘दोन्ही कर’ असं मात्र सांगू नका, अर्जात एकच विषय भरता येतो.