चर्चच्या वहीत लग्न नाही, म्हणजे वंशरेषा तुटली असं नाही

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या १६५०च्या सुमाराच्या पूर्वजाचं लग्न चर्चच्या वहीत सापडलं नाही, म्हणून काही जण वंशावळीचा शोध तिथेच थांबवतात. इतक्यात थांबू नका. तिथल्या प्युरिटन, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांच्या लेखी लग्न हा धार्मिक संस्कार नव्हता, तो दिवाणी करार होता. सतराव्या शतकाच्या बहुतेक काळात तिथे लग्नं पाद्री नव्हे, तर मॅजिस्ट्रेट लावत. १६२१मध्ये आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीतलं पहिलं लग्न, एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचं, याच पद्धतीने झालं. त्यामुळे आधी गावाच्या दप्तरातली जन्म-लग्न-मृत्यूची नोंदवही बघा, मग मुलीच्या वडिलांचं मृत्युपत्र. जावयाचं नाव तिथे बऱ्याचदा सापडतं.

'घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत ते खरंच असणार' असंही काही जण म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. प्लिमथच्या पहिल्या वसाहतकऱ्यांना आणणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावरून आलेल्या जॉन हाउलंडची बायको एलिझाबेथ ही प्लिमथचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याच्या घरातली, असं त्यांचे वंशज कितीतरी काळ मानत होते. गव्हर्नरशी नातं कोणाला नको असतं! पण त्याच्यानंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित लंडनमध्ये सापडलं आणि १८५६मध्ये छापलं गेलं. त्यात प्रवाशांची कुटुंबवार यादी आहे, आणि हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केल्याचं स्पष्ट लिहिलंय. या दोघांच्या लग्नाची मूळ नोंद आजही उपलब्ध नाही. तिचं माहेर कळलं ते या एका यादीमुळे.