एका वाद्यात अनेक तरंगरूपे : ‘मिसळणे’ हे क्रियापद चालेल का?

करवीरकन्या
कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचा एक लहानसा वर्ग चालतो. तेथे आठ मुले जुन्या गृहसंगणकांच्या ध्वनिचिपवर वाजणारे संगीत रचायला शिकतात, आणि त्यांच्यासाठी मी गोटट्रॅकर या ‘ट्रॅकर’ची, म्हणजे ओळीओळींच्या याद्यांत आकडे लिहून संगीत रचण्याच्या सॉफ्टवेअरची, मराठी टिपणे तयार करीत आहे. इन्स्ट्रुमेंटमध्ये एकाहून अधिक वेव्हफॉर्म (ध्वनिलाटेची रूपे) कसे वापरावेत, हे सांगताना मी ‘एका वाद्यात अनेक तरंगरूपे मिसळता येतात’ असे लिहिले. ढोलाचा आवाज बनविताना एका मुलाने माझे वाक्य शब्दशः मानले आणि यादीच्या पहिल्या ओळीत ८१ (नॉइज, म्हणजे खरखर) व दुसरीत ४१ (पल्स, म्हणजे चौकोनी लाट) लिहिण्याऐवजी दोन्ही तरंगरूपे एकाच आकड्यात घालून एकाच ओळीत सी१ लिहिले (हे आकडे सोळाच्या पद्धतीचे, त्यांत ए ते एफ हेही अंकच). ढोल वाजलाच नाही. पहिल्या फ्रेमला, म्हणजे वेळेच्या पहिल्या छोट्या टप्प्याला, नॉइज द्यावा आणि पुढच्या फ्रेमपासून पल्सवर यावे, एवढेच मला सांगायचे होते. चूक मुलाची नसून माझ्या क्रियापदाची आहे, असे मला वाटते. त्याऐवजी कोणते घालावे?

तीन_आवाज
ताई, गोंधळाचे मूळ असे आहे की मुलाने जे केले तेही त्या चिपमध्ये करता येते. १९८२ च्या कमोडोर ६४ या गृहसंगणकातील सिड या ध्वनिचिपमध्ये त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज अशी चार तरंगरूपे आहेत आणि प्रत्येकासाठी नियंत्रणाच्या बाइटमध्ये एक स्वतंत्र बिट (चालू-बंद खूण) आहे. दोन बिट एकदम चालू केले, तर दोन आवाजांची बेरीज ऐकू येत नाही. तिसराच, काहीसा पातळ आणि धातूसारखा आवाज निघतो. त्रिकोणी आणि पल्स यांची अशी जोडी, म्हणजे ५१ हा आकडा, रचनाकार मुद्दाम वापरतात, आणि सिडच्या जुन्या ६५८१ या आवृत्तीवर ती जशी वाजते तशी नंतरच्या ८५८० वर वाजत नाही. नॉइजला मात्र जोडीदार चालत नाही. तो ज्या शिफ्ट रजिस्टरमधून (बिट पुढे सरकवत नेणाऱ्या रांगेतून) निर्माण होतो त्यात शून्ये भरत जातात आणि नॉइज गप्प होतो. खऱ्या चिपवर तर रजिस्टर पुन्हा भरल्याशिवाय तो परतही येत नाही.

तुम्हाला अभिप्रेत असलेला प्रकार निराळा आहे. युरोपीय यंत्रावर सेकंदाला ५० फ्रेम पडतात, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंदांची असते. तेवढ्यापुरता नॉइज वाजवून लगेच उतरत्या सुराच्या पल्सवर आले, की कानाला दोन आवाज जाणवतच नाहीत, काठी आणि कातडे एकदम ऐकू येते. चिपमध्ये एका वेळी वाजणारे आवाज तीनच असल्यामुळे ढोल आणि खर्जाची सुरावट यांना पुष्कळदा एकाच आवाजात संसार करावा लागतो, आणि त्यातूनच ही युक्ती रुजली. तेव्हा एकाच क्रियापदाने दोन्ही गोष्टी सांगता येणार नाहीत.

पेटीदुरुस्ती
महाद्वार रोडवर वडिलांचे पेटीदुरुस्तीचे दुकान होते, तेथील भाषा सांगतो. एक पट्टी दाबली की खर्ज आणि नर असे दोन सूर एकदम बोलतात, त्या पेटीला आम्ही ‘खर्ज-नर’ म्हणतो. सूर ‘मिसळले’ असे वडिलांच्या तोंडून मी ऐकले ते फक्त तक्रार म्हणून, म्हणजे दोन सूर एकमेकांशी नीट लागलेले नसताना. त्यामुळे माझ्या कानाला तुमचे मूळ वाक्यच बिघाडाचे वर्णन वाटते!

शब्दवेल्हाळ
‘मिसळणे’ हे ‘मिश्र’ पासून आले आहे आणि मिश्रणात घटक एकाच वेळी हजर असावे लागतात, म्हणून मुलाने काढलेला अर्थच योग्य होता. कोल्हापूरच्या माणसाला शब्दासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ओळखच जोडरागांनी झाली. जोडरागात दोन राग एकमेकांत विणलेले असतात, तर रागमालेत ते एकामागून एक येतात. त्याच न्यायाने एकाच वेळी वाजणारे ते ‘जोड तरंगरूप’ आणि क्रमाने येणारी ती ‘तरंगमाला’ म्हणावी.

जुनी_तालीम
‘मिश्र’ची व्युत्पत्ती ठीक आहे, पण शब्द वापरावर चालतात. आमच्याकडे मिसळीचा कट बहुधा वेगळ्या वाडग्यात येतो आणि माणूस घासागणिक तो ओतून घेतो, तरीही तिला कोणी ‘मिसळमाला’ म्हणत नाही.

नेमके_मराठी
आपण सारे क्रियापदावर अडलो आहोत, परंतु ‘वाद्य’ हा शब्दच येथे चुकीचा आहे, याकडे कोणी लक्ष दिलेले नाही. वाद्य म्हणजे जे वाजविले जाते ते. ट्रॅकरमधील इन्स्ट्रुमेंट ही आवाज कसा चढावा, कसा उतरावा, कोणते रूप केव्हा घ्यावे, यांविषयीच्या सूचनांची यादी आहे. तिला ‘ध्वनिविधी’ म्हणावे. ‘तरंगरूप’ऐवजी ‘तरंगाकार’ अधिक काटेकोर ठरेल, कारण त्रिकोण आणि करवत हे आकार आहेत.

तीन_आवाज
‘ध्वनिविधी’ वाचून मुलांना सत्यनारायण आठवेल. ‘तरंगमाले’लाही माझा आक्षेप आहे, कारण रागमाला पुढे सरकते, आणि ट्रॅकरमधील यादीच्या शेवटी एफएफ लिहून आपल्याला हव्या त्या ओळीवर परत उडी मारता येते. शिवाय निन्टेन्डोच्या जुन्या खेळयंत्रासाठीचा फॅमिट्रॅकर वापरणाऱ्यांचा विचार करावा. त्या यंत्राच्या चिपमध्ये त्रिकोणी तरंगाला स्वतःचा स्वतंत्र मार्ग आहे; पल्सच्या वाद्यात बदलते ती केवळ रुंदी, म्हणजे लाट वर राहण्याचा वाटा, १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के, आणि त्यांतील २५ व ७५ कानाला सारखेच लागतात. त्याला माला म्हणायचे का?

शब्दवेल्हाळ
जपमाळही फिरून मेरुमण्याशी येतेच. उडीचा आक्षेप मला मान्य नाही.

मिरजमार्गे
मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली आहे. घोडीचा माथा किंचित घासला की तार तीच, सूर तोच, पण नादाचा पोत बदलतो. पल्सची रुंदी बदलणे हे त्याच जातीचे काम असल्यामुळे तेथे ‘जवारी बदलणे’ म्हणून पाहावे.

पेटीदुरुस्ती
जवारी सुरावटीच्या मध्येच, सेकंदात पन्नास वेळा कोणी बदलत नाही, दादा.

करवीरकन्या
सर्वांचे आभार. टिपणे उद्या छापायला द्यायची असल्यामुळे तूर्त मी ‘एका वाद्यात फ्रेमगणिक तरंगरूप बदलता येते’ असे लिहिले आहे, आणि ५१ चा प्रकार ‘जोड’ या शब्दाखाली वेगळ्या पानावर घेतला आहे.

नेमके_मराठी
‘वाद्य’ तसेच राहिले, याची नोंद घ्यावी.

तीन_आवाज
‘फ्रेमगणिक’मुळे प्रत्येक फ्रेमला बदल झालाच पाहिजे, असा समज होईल. त्याच यादीत ०१ ते ०एफ यांपैकी आकडा लिहिला, तर तितक्या फ्रेम थांबताही येते. सी१ लिहिणारा तो मुलगा हेही वाक्य शब्दशः घेईल.