पित्ताशय काढल्यावर तूप-तेल पचते कसे?

प्रश्न
खड्यांच्या त्रासामुळे माझ्या आईचे पित्ताशय नुकतेच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढले. आता पित्तच तयार होणार नाही, तेव्हा तूप-तेल कायमचे बंद करा, असे भेटायला येणारे सांगतात. डॉक्टरांनी मात्र हळूहळू नेहमीचा आहार सुरू करण्यास सांगितले आहे. मग स्निग्ध पदार्थ पचवतो कोण?

उत्तर 1
पित्त यकृतात तयार होते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही केवळ त्याची साठवण आहे. तीत जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर पित्त मावते आणि त्यातील पाणी शोषले जाऊन ते दाट होते. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, पोहोचला की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सोडतात, त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते आणि साठलेले पित्त आतड्यात उतरते. पित्ताशय नसल्यास तेच पित्त थोडे थोडे, थेट यकृताकडून येत राहते. घोड्याला तर पित्ताशय मुळातच नसते. अर्थात त्याच्या पानात तूपही नसते.

उत्तर 2
वरील उत्तरात स्वादुपिंड राहून गेले. पित्तात स्निग्ध पदार्थ पचवणारे विकर (एन्झाइम) नसतेच. पित्तातील क्षार, म्हणजे पित्तक्षार, तेलाचे बारीक थेंब करतात आणि त्या थेंबांवर स्वादुपिंडातून आलेले लायपेज हे विकर काम करते. जठरातून आलेले आम्ल सौम्य करणारे बायकार्बोनेटही मुख्यतः स्वादुपिंडच पुरवते. शिवाय सुमारे 95 टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन यकृताकडे परततात व पुन्हा वापरले जातात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकाच मुखाने आद्यांत्रात उघडतात, म्हणून तेथे अडकलेला खडा स्वादुपिंडालाही सूज आणू शकतो, आणि ते दुखणे पित्ताशय गमावण्याहून कितीतरी गंभीर असते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तिला अधूनमधून जुलाब होतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर 2
असू शकतो. जास्तीचे पित्तक्षार मोठ्या आतड्यात गेले की तेथे पाणी सुटते. एका वेळी भरपूर तळलेले देण्याऐवजी तेल-तूप दिवसभरात विभागून द्यावे. बहुतेकांचा त्रास हळूहळू कमी होतो. तो टिकून राहिल्यास पित्तक्षार बांधून ठेवणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. ताप, कावीळ किंवा पोटात तीव्र वेदना असल्यास मात्र त्याच दिवशी दाखवावे.