मोबाइल टॉवर बंद पडल्यावर हॅम (हौशी) रेडिओवरून घरच्यांच्या फोनवर निरोप कसा पोचवायचा?

रॅलीकर:
सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळानंतर पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात बऱ्याच भागात वीज, मोबाइल, इंटरनेट सगळंच गेलं. तशी वेळ आली तर न्यू जर्सीतल्या बहिणीच्या फोनवर 'आम्ही सुखरूप' एवढं तरी पोचावं. जनरल हॅम लायसन्स, 100 वॅटचा एचएफ (लांब पल्ल्याचा लघुलहरी) सेट, लॅपटॉप आणि दोन मीटर बँडचा हँडी (हातातला छोटा सेट) आहे. 144.390 मेगाहर्ट्झवर एपीआरएसने (रेडिओवरून छोटे डिजिटल निरोप पाठवायची पद्धत) पाठवलं तर पुरेल ना?

वायरवाला:
एकट्या हँडीवर विसंबू नका. तुमचं पॅकेट इंटरनेटवर चढवणारा आयगेटही त्याच वादळात असतो. त्याची वीज किंवा इंटरनेट गेलं की निरोप तिथेच संपला. इंटरनेट असलेलं स्टेशन वादळाच्या पट्ट्याबाहेर हवं, म्हणून एचएफ.

40 मीटर बँडचा डायपोल (मधून जोडलेली दोन तारांची अँटेना) बांधा, प्रत्येक बाजू साधारण 10.1 मीटर. मुद्दाम खाली, 4-5 मीटरवरच ठेवा, म्हणजे लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आसपासच्या काही शे किलोमीटरांत उतरतात. दिवसा 7.078 मेगाहर्ट्झवर जेएसएट कॉल (लॅपटॉपवरून रेडिओने मजकूर पाठवायचं सॉफ्टवेअर) लावा, रात्री 40 मीटर बँड जवळच्यासाठी बंद पडला की 3.578. पॉवर 25-30 वॅटच ठेवा, कारण हा मोड सलग पूर्ण ताकदीने पाठवतो आणि सेट तापतो. लॅपटॉपचं घड्याळ दोन सेकंदांहून जास्त चुकलं तर कोणालाच डीकोड होणार नाही. इंटरनेट नसताना यूएसबी जीपीएसवरून वेळ घ्या.

निरोप जेएसएट कॉलमधल्या @APRSIS गटाला गेला की ऐकणारं, इंटरनेटवर असलेलं कुठलंही स्टेशन तो एसएमएस गेटवेकडे (एपीआरएस निरोपाचा फोनवरचा एसएमएस करणारी सेवा) ढकलतं. एपीआरएस निरोपाची मर्यादा 67 अक्षरं. @, दहा आकडी फोन नंबर आणि एक मोकळी जागा यात 12 जातात, उरतात 55. देवनागरी चालत नाही, मराठी रोमन अक्षरांत लिहा.

लघुलहरी:
निरोप मिळाल्याची पोच आली म्हणजे गेटवेला मिळालं, बहिणीला नव्हे! गेटवे हौशी लोक चालवतात, नियम आणि पत्ते बदलतात. बहिणीचा नंबर आत्ताच वापरून बघा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

माझं मत विनलिंकच्या (रेडिओवरून ईमेल पाठवायची सेवा) बाजूने. तिला साधा ईमेल करा, फोनवर तोही वाजतोच. ईमेलवरून एसएमएस करायचा जुना मार्ग आता धरू नका, एटी अँड टी या मोबाइल कंपनीने तो 17 जून 2025 ला बंद केला. तुम्ही आधी मेल केलेला पत्ता विनलिंकच्या स्वीकृत यादीत आपोआप जातो, म्हणून तिचं उत्तरही येतं. नाहीतर तिने विषयात //WL2K लिहायला हवं. आजच एक चाचणी मेल पाठवा आणि तिला स्पॅम फोल्डर बघायला सांगा.

वायरवाला:
विनलिंकचं पटलं. एक राहिलं: रेडिओवरचं सगळ्यांना ऐकू जातं आणि सांकेतिक भाषा चालत नाही. म्हणून पत्ता, आजारपण, 'घर रिकामं आहे' असलं काही नको. किती जण, कुठल्या गावी, सुखरूप, पुढचा निरोप कधी. बस.

रॅलीकर:
आणि ईमेल न बघणाऱ्या मावशींसाठी?

लघुलहरी:
रेडिओग्राम, म्हणजे एका हॅमकडून दुसऱ्याकडे पोचवत नेलेली तार. मजकूर 25 शब्दांच्या आत, प्राधान्य 'वेल्फेअर', फोन नंबर अचूक. शेवटी मावशींजवळचा हॅम त्यांना फोन करून वाचून दाखवतो. 'एआरएल वन' एवढंच लिहिलं तरी त्याचा ठरलेला अर्थ 'इथे सगळे सुखरूप, काळजी करू नका' असा आहे.