समुद्रातील कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी : समन्वय ही चैन नव्हे

खारावारा (धागाकर्ता) :
समुद्र किती कार्बन डायऑक्साइड शोषतो यावर काल झालेल्या चर्चेत प्रवाळ यांनी असे लिहिले की, सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते) मोजणारी स्वयंचलित तरंगती यंत्रे आता महासागरभर सोडता येतात, वर उपग्रहही आहेत, तेव्हा आंतरराष्ट्रीय समन्वयाची कार्यालये, नियमावल्या आणि बैठका यांवरचा पैसा यंत्रांकडे वळवावा. "मोजायला यंत्रे लागतात, समित्या लागत नाहीत", हे त्यांचे शब्द. त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा वेगळा धागा.

उपग्रहाला समुद्रात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. त्याला पृष्ठभागाचे तापमान, क्षारता (खारेपणा) आणि हरितद्रव्याचा रंग दिसतो. त्यांवरून वायूच्या आंशिक दाबाचा (मिश्रणातल्या त्या एका वायूच्या वाट्याच्या दाबाचा) अंदाज बांधायचा असेल, तर तो पडताळण्यासाठी कोणीतरी समुद्रावर जाऊन प्रत्यक्ष मोजलेला आकडा लागतोच, आणि तो आकडा फार नाजूक असतो. पाण्यातला दाब साधारण चारशे मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास असतो, पण हवा आणि पाणी यांच्यातला फरक जगभराच्या सरासरीत त्यातल्या जेमतेम काही मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरइतकाच भरतो. पाणी एका अंशाने तापले की हा दाब सुमारे ४.२३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जहाजाने आत खेचलेले पाणी नळीतून समतोलकापर्यंत (पाण्यातला वायू हवेशी समतोलात आणून मोजायच्या भांड्यापर्यंत) येताना दशांश अंशाने तापले आणि ती वाढ नोंदवायची राहिली, तर दीडपावणेदोन मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरची चूक तिथेच होऊन बसते. ती चूक एकाच दिशेने वर्षभर होत राहिली, तर समतोलाच्या जवळ असलेला समुद्राचा एखादा भाग, पाण्यातला दाब हवेपेक्षा जास्त दिसून, शोषक असूनही कागदावर उत्सर्जक ठरू शकतो.

म्हणूनच उपकरण ताडायला कोणते प्रमाणित वायू (ज्यांतले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आधीच ठाऊक असते) वापरले, तापमापक कुठे बसवला आणि तो शेवटचा कधी पडताळला, हे प्रत्येक जहाजाने एकाच रीतीने लिहावे लागते. २००७ मध्ये पॅरिसच्या बैठकीत पृष्ठभागावरच्या नोंदींचा सोकॅट हा संग्रह करायचे ठरले, आणि २०११ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हा तीत १९६८ ते २००७ या काळातल्या ६३ लाख नोंदी होत्या. त्यांतली एकही नोंद त्या बैठकीमुळे मोजली गेलेली नव्हती. त्या सगळ्या आधीपासूनच निरनिराळ्या प्रयोगशाळांत, निरनिराळ्या सुधारणा लावून, एकमेकींशी ताडता येणार नाहीत अशा अवस्थेत पडून होत्या. यात यंत्रे कुठे कमी पडली होती? कमी पडली ती जुळवणी. पोलंडमधील सोपोत येथे कार्यालय असलेला आयओसीसीपी हा महासागरी कार्बन मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय समन्वयाचा प्रकल्प जुळवणीचेच काम करतो, आणि त्याला अनावश्यक म्हटलेले मला सहन झाले नाही.

प्रवाळ :
माझ्या एका वाक्यावर एवढा मोठा लेख लिहिलात, पण त्या वाक्यामागचा प्रश्न तसाच सोडलात. सोकॅटचा नकाशा उघडा. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमध्ये मोजत गेलेल्या जहाजांच्या वाटांच्या रेघांचे दाट जाळे आहे, कारण तिथून मालवाहू जहाजे नियमित जातात. दक्षिण महासागरातला हिवाळा आणि हिंदी महासागराचा मोठा भाग मात्र वर्षानुवर्षे विरळच आहे. खोल समुद्राच्या ज्या रेषा साधारण दहा वर्षांनी पुन्हा मोजायच्या असे जगाने मिळून ठरवले आहे, त्यांपैकी हिंदी महासागरातली आय०७एन ही रेषा १९९५ नंतर थेट २०१८ मध्ये मोजली गेली, कारण मधल्या काळात चाचेगिरीमुळे त्या पाण्यात संशोधन जहाज नेणे धोक्याचे होते. कोणत्या बैठकीने त्या तेवीस वर्षांची भरपाई केली? तरंगत्या यंत्राला ओलीस धरले जाण्याचे भय नसते. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यातून हिवाळ्यात अपेक्षेपेक्षा बराच जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे २०१८ मध्ये या यंत्रांच्या नोंदींवरूनच मांडले गेले, आणि त्या ऋतूत तिथे जाणारी जहाजे मोजकीच असतात.

शिवाय समन्वय म्हणजे कार्यालयच असे तरी कशावरून? समुद्रातल्या कार्बनचे संशोधक तारो ताकाहाशी १९५७ मध्ये 'वेमा' जहाजावरून हे मोजमाप करत होते. पुढे त्यांनी जगभरातल्या सहकाऱ्यांकडून नोंदी मागून घेतल्या, आणि २००९ चा त्यांचा जागतिक नकाशा सुमारे तीस लाख नोंदींवर उभा राहिला. त्यामागे एका माणसाची चिकाटी होती.

खारावारा :
ताकाहाशींविषयी माझ्या मनातही आदरच आहे. ते २०१९ मध्ये गेले. एका माणसाच्या आयुष्याच्या आधाराने जगाचे मोजमाप चालवायचे का, याचे उत्तर त्या एका वर्षातच आहे.

यंत्रांबद्दलही तुम्ही अर्धेच सांगितलेत. सामू मोजणारे तरंगते यंत्र आंशिक दाब मोजत नाही. ते सामू मोजते, क्षारीयता (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) गणिती सूत्राने अंदाजली जाते, आणि दोन्ही मिळून दाब काढला जातो. त्यात सुमारे ११ मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरची अनिश्चितता राहते, तर सोकॅटमध्ये नोंदींच्या गुणवत्तेच्या वरच्या दोन श्रेणी मिळवायच्या असतील तर अचूकता २ मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या आत लागते. यंत्रातल्या संवेदकाचे वाचन काळाबरोबर सरकते. ते जागेवर आणण्यासाठी साधारण १५०० मीटर खोलीवरच्या ज्या मूल्यांशी ते ताडले जाते, ती मूल्ये जहाजांनी बाटल्यांत भरून आणलेल्या पाण्यावरूनच आलेली असतात. जहाजे थांबली की काही वर्षांनी तुमच्या यंत्रांनाही टेकायला जमीन उरणार नाही. आणि २०२१ मध्ये विमानांतून घेतलेल्या हवेच्या मापनांनी दक्षिण महासागर जोरदार शोषक असल्याचे दाखवले, तेव्हा यंत्रांच्या त्या आकड्यांवर प्रश्न उभा राहिलाच.

प्रवाळ :
हिवाळ्यातले उत्सर्जन यंत्रांनी वाढवून दाखवले असण्याची शक्यता आहे, एवढे मी मान्य करतो. पण तिथला हिवाळा निदान तपासायला हवा, हे तरी त्यांच्यामुळेच ऐरणीवर आले. त्यापुढे मी मान्य करणार नाही.

ब्युरेट :
दोघेही ज्यावर उभे आहात त्या बाटलीबद्दल कोणीच बोलत नाही. समुद्राच्या पाण्यातला एकूण अकार्बनी कार्बन आणि क्षारीयता मोजणारी जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळा आपले उपकरण ज्या प्रमाणित समुद्रजलाशी ताडते, ते कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत तयार होत आले आहे. निर्जंतुक केलेले, मर्क्युरिक क्लोराइड घातलेले, मूल्य ठरवून दिलेले ते पाणी आहे. २०२० च्या महासाथीत तिथले काम अडले आणि जगभर टंचाई झाली. आमच्याकडे सात बाटल्या उरल्या होत्या. दर वीस नमुन्यांमागे एक बाटली वापरायची आमची शिस्त मोडून आम्ही चाळिसांमागे एक केली. त्या मोहिमेचे आकडे आजही माझ्या मनात पूर्ण खात्रीचे नाहीत, आणि ती खंत यंत्रे वाढवून जाणारी नाही. एवढा समन्वय असूनही अख्ख्या जगाचा मापदंड एकाच खोलीत कसा राहिला, याचे उत्तर खारावारा यांनी द्यावे.

खारावारा :
या आक्षेपाला माझ्याकडे बचाव नाही. दुसरे, तिसरे केंद्र फार पूर्वीच उभे राहायला हवे होते.

गलबत :
तुम्ही सारे नोंदी जुळवण्याविषयी बोलता आहात, पण ज्याने त्या मोजल्या त्याचे काय होते हेही ऐका. मी सहा आठवडे एका जहाजावर होतो. दर तीन तासांनी प्रमाणित वायूंची फेरी होती, रात्री दोनची आणि पहाटे पाचची माझ्याकडे होती, आणि पहिले नऊ दिवस उलट्या थांबल्या नव्हत्या. समतोलकाचा फवारा शेवाळाने तुंबला की तो उघडून साफ करायचा आणि त्या वेळेच्या नोंदी स्वतःच्या हाताने खोडायच्या. दोन वर्षांनी एका मोठ्या शोधनिबंधातल्या जागतिक नकाशात माझी रेघ मला ओळखू आली. माझे नाव पुरवणीतल्या तक्त्यात, बाराव्या पानावर होते. ज्यांच्या नोंदींवर निष्कर्ष मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत त्यांना सहलेखनाचे निमंत्रण द्यावे, असे सोकॅटचे आवाहन आहे, पण ते आवाहन आहे, बंधन नाही. माझ्या संस्थेत बढतीच्या वेळी मला विचारले गेले की या सहा आठवड्यांचे फलित काय. तेव्हापासून माझ्या पुढच्या दोन मोहिमांच्या नोंदी मी कोणालाही दिलेल्या नाहीत, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

सुकाणू :
गलबत, तुमचे कष्ट मला ठाऊक आहेत, कारण मीही तीच पहाटेची पाळी केली आहे. पण शेवटचे वाक्य वाचून मला राग आला आणि तो लपवणार नाही. प्रवाळ ज्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत आहेत, ती रिकामी जागा तुम्ही स्वतःच्या कपाटात ठेवली आहे. चाचे तिथे नव्हते, हवामान आडवे आले नव्हते, पैसाही खर्च झालेला होता. दुसऱ्यांच्या पाठवलेल्या नोंदी मी तपासतो. रात्री घरी बसून, एक पैसा न घेता, दोन जहाजांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांचे आकडे जुळतात का ते पाहतो. ही तपासणी जगभरातले संशोधक अशीच स्वयंसेवेने करतात. माझे नाव तर बाराव्या पानावरही नसते.

गलबत :
तुम्ही विनामूल्य राबता म्हणून मीही राबावे, हा कोणता न्याय? तुमच्या राबण्यामुळेच निधी देणाऱ्यांना वाटते की हे काम असेच चालेल. २०१७ नंतर दरवर्षी संग्रहात येणाऱ्या नोंदसंचांची संख्या घटत गेली आहे, ती मोजणाऱ्यांची मने दुष्ट झाली म्हणून नव्हे. अनेकांचे निधी संपले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. माणसाच्या नोकरीला आधार न देता त्याच्याकडून औदार्याची अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

सुकाणू :
निधीबाबत तुमचे बरोबर आहे, हे मला नाइलाजाने लिहावे लागते. तरीही राग ज्या संस्थेवर आहे तिच्यावर काढा. ज्या समुद्रात हिवाळ्यातली एकही रेघ नाही, त्याची शिक्षा त्या समुद्राचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येकाला देऊ नका. माणसांच्या उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा दरवर्षी समुद्र घेतो, आणि तो हिस्सा कमी होऊ लागला तर तो फरक तुमच्यामाझ्यासारख्यांच्या दोनचार रेघांतूनच आधी दिसणार आहे.

प्रवाळ :
आता मीच अडचणीत सापडलो आहे. मी यंत्रे मागत होतो आणि इथे मोजलेल्या दोन मोहिमा पडून आहेत असे कळते आहे. गलबत, त्या नेमक्या कुठल्या पाण्यातल्या आणि कोणत्या महिन्यांतल्या?

गलबत :
एक विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा हिंदी महासागर, जून ते ऑगस्ट. दुसरी त्याहून दक्षिणेला, पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात, सप्टेंबरमधली.

प्रवाळ :
म्हणजे तिथला ऐन हिवाळा आणि त्याची अखेर. या काळासाठी मी दहा तरंगती यंत्रे मागितली असती.

खारावारा :
आणि त्यांचे सामूचे आकडे ताडायला आपण त्या भागातले जहाजी मापन शोधत बसलो असतो. मी कोणावर दबाव आणत नाही. फक्त एक विचारतो, तापमापकाचे पडताळणीपत्र आहे का?

गलबत :
पहिल्या मोहिमेचे आहे. दुसऱ्या मोहिमेत समतोलकाजवळचा तापमापक मधेच बंद पडला आणि आम्ही जहाजाचा स्वतःचा वापरला, जो सहा महिने पडताळलेला नव्हता. प्रमाणित वायूंच्या बाटल्यांची प्रमाणपत्रे दोन्हींची आहेत.

सुकाणू :
मग दुसरीला वरची श्रेणी मिळणार नाही आणि मी ती देणारही नाही. पण खालच्या श्रेणीत ती बसू शकेल, आणि कोणत्या दिवसापासून तापमापक बदलला हे लिहिले असेल तर त्याआधीचा भाग वेगळा काढून वरच्या श्रेणीसाठी तपासता येईल.

गलबत :
तारीख वहीत आहे. पहिली मोहीम पाठवतो, दुसरीचे अजून ठरवलेले नाही. आणि माझ्या नोंदी वापरून जो कोणी लिहील त्याने मला आधी पत्र लिहावे, ही अट मी सोबतच्या माहितीत स्पष्ट घालणार आहे.

सुकाणू :
घाला. पाण्याच्या नळीची लांबी आणि समतोलकातला दाब कुठे मोजला हेही त्याच पानावर लिहा, मागच्या वेळी त्यावाचून तीन आठवडे गेले होते.